पडायला शिकायचं म्हणून ब्लॅक फॉरेस्टमध्ये पाच दिवस

गेल्या जानेवारीत जर्मनीत, नेकारसुल्ममधल्या आमच्या घरासमोरच मी बर्फावरून घसरले आणि डावं मनगट मोडून घेतलं. मनगट दोन महिन्यांत बरं झालं, भीती मात्र मुक्कामाला राहिली. सायकल तळघरात गेली, जिन्याचा कठडा हातातून सुटेना, आणि कोरड्या खणखणीत फुटपाथवरही मी जीव मुठीत धरून चालायला लागले. माझा नवरा समीर आपसूक कोपर पुढे करायचा. चौदा वर्षांची आमची रेवा जिना उतरताना माझ्यापुढे एक पायरी राहायची, मी कोसळलेच तर अडवायला. सत्तेचाळिसाव्या वर्षी लेकीने आपल्याला असं सांभाळावं, याची मला मनापासून लाज वाटत होती.

रेवा तीन वर्षं कुंग फू शिकते आहे. हर्बस्टफेरिएनमध्ये, म्हणजे शाळेच्या शरदातल्या सुट्टीत, तिच्या गटाचं पाच दिवसांचं शिबिर असतं आणि त्यात नवशिक्या पालकांनाही घेतात. "तिथे पडायला शिकवतात," ती म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं.

"पडता येतंच की मला. तोच तर प्रॉब्लेम आहे," मी म्हटलं. तरी दोघींची नावं नोंदवली.

जाणार असाल तर रस्ता सांगते. आमच्या शेजारच्या हाइलब्रॉनहून कार्ल्सरुहे आणि तिथून मुर्ग नदीच्या काठाकाठाने फ्रॉइडनश्टाट. सगळा प्रवास महिन्याच्या साध्या तिकिटात बसतो, फक्त गाड्या रमतगमत जातात. कार्ल्सरुहेनंतर खिडकी पकडा. बोगदा संपला की पूल, पूल संपला की बोगदा, आणि मध्येच पिवळ्या झाडांनी भरलेला अख्खा डोंगर. शेवटच्या टप्प्याला बस मात्र अगदी मोजक्या असतात. आमची चुकली, आणि तीन किलोमीटर चढ पाठीवर सॅक घेऊन चढावा लागला. चढाला मी घाबरत नाही. उताराचं नाव काढू नका.

शिबिर एका जुन्या शेतघरात होतं, सरावाची जागा म्हणजे पूर्वीचं गवताचं कोठार. चादरी आपल्या आपण न्यायच्या, पैसे रोख, मोबाइलला रेंज नाही. राहणं, जेवण, शिकवणी धरून दोघींचे पाचशे युरोंच्या आत झाले. शाकाहारी म्हणून कळवलं होतं, त्यामुळे रोज दुपारी मसूर आणि श्पेट्झल, म्हणजे इथल्या जाडसर शेवया. तिसऱ्या दिवशी मी लसणाची चटणी बाहेर काढली आणि पाचव्या दिवशी ती संपवली ती आजूबाजूच्या जर्मनांनी.

शिकवणारी गीझेला अडुसष्ट वर्षांची. तरुणपणी सात वर्षं तैवानला राहून कुंग फू शिकली, मग निवृत्त होईपर्यंत पोस्टात टपाल वाटलं. सगळे तिला शिफू म्हणतात, म्हणजे गुरू. आता गुरू म्हटल्यावर, आणि वयाने एवढी मोठी बाई समोर उभी असल्यावर, मराठी माणूस काय करणार? मी वाकले आणि तिच्या पायाला हात लावायला गेले. ती झटकन एक पाऊल मागे सरली आणि तिचा गुडघा माझ्या कपाळापासून चार बोटांवर येऊन थांबला.

"पाइनलिश!" रेवा पुटपुटली. लाज आणलीस, अशा अर्थाने.

गीझेला हसली नाही, रागावलीही नाही. "इथे नमस्कार असा," म्हणत तिने उजवी मूठ डाव्या तळव्यावर टेकवली. "आणि नजर समोरच्याच्या तोंडावर. खाली बघितलंस की तू माझ्या ताब्यात."

पहिले दोन दिवस आम्ही नुसते उभे होतो. गुडघे वाकवून, घोड्यावर बसल्यासारखं, एक उदबत्ती जळून संपेपर्यंत. घरी आपण उदबत्ती लावून आपापल्या कामाला लागतो, म्हणून ती किती सावकाश जळते हे मला कधी कळलंच नव्हतं. पाव उदबत्तीतच माझ्या मांड्या लटपटायला लागल्या. मी गाड्यांच्या पार्ट्सची क्वालिटी तपासणारी इंजिनिअर, मला प्रगती तक्त्यात लागते.

"उद्या किती वाढवायचं?" मी विचारलं.

"उद्यापण उभं राहायचं," गीझेला म्हणाली.

"आल्झो, बरं, पण टार्गेट?"

"उभं राहणं."

चिडले होते मी. पण दुसऱ्या दिवशी उदबत्तीकडे बघायचं विसरले आणि अर्धी झाली तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी पडणं सुरू झालं. आधी बसल्या बसल्या, मग उकिडवं बसून, मग उभ्याने. हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि हात पुढे टाकायचा नाही. जानेवारीत मी नेमका तोच टाकला होता. उभ्याने पडायची वेळ आली तेव्हा मी चक्क शौचालयात जाऊन बसले. गीझेला बोलवायला आली नाही. परत आले तेव्हा म्हणाली, "तू दिवसभर जमीन बघत असतेस. पहिल्या दिवशी माझे पाय बघितलेस, तसंच. जमीन कुठे जात नाही." तोंडात मारल्यासारखं झालं. दहा महिने मी खरंच फक्त जमीन बघत होते, समीरचं तोंडसुद्धा रस्त्यात बघितलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी अंगणातल्या लाकडी खुंटांवरून चालायचं होतं. गुडघ्याएवढे उंच अकरा खुंट, खाली मऊ माती, आणि अट एकच, पायांकडे बघायचं नाही. रेवा आमच्या जिन्यावरून जाते तशी सहज गेली आणि पलीकडे उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत निघाले. पाच खुंट छान झाले. सहाव्याला पाय सटकला.

पडले. हनुवटी आत होती, हात पोटाशी होता, खांदा मातीत आणि मग पाठ. आकाश दिसलं. कुणी धावत आलं नाही. रेवाचं पाऊल पुढे आलेलं मला दिसलं, पण ते तिथेच थांबलं.

"आई," ती म्हणाली, "नोखमाल." पुन्हा एकदा.

चौथ्या खेपेला अकराही झाले. मी ओल्या मातीत उभी राहून रडले, आनंदानेच.

घरी येऊन आता महिना झाला. लोक विचारतात, पाच दिवसांत काय कुंग फू येणार? काहीच नाही. दोन प्रकारे उभं राहता येतं आणि एका प्रकारे पडता येतं. सकाळी अर्धी उदबत्ती जळेपर्यंत उभी राहते, तेवढ्यात समीरचा चहा होतो. सायकल वर आणली आहे.

गेल्या शनिवारी ब्रेड आणायला गेले आणि ओल्या पानांवरून सायकलसकट आडवी झाले. बाजूला बसून घेतलं, कोपर चोळलं, उठले, ब्रेड घेतला, घरी आले. कुणाला फोन केला नाही. रात्री जेवताना भाजी वाढता वाढता सांगितलं. समीरचा घास हातातच राहिला. रेवाने मान वर केली.

"हनुवटी?" तिने विचारलं. मराठीत.

"आत होती."

"गुट," ती म्हणाली, आणि तिने पोळीसाठी ताट पुढे केलं.