उत्तरापुरतं उघडलेलं उपकेंद्र

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आमदारांच्या कार्यालयात मला काम मिळालं तेव्हा आईनं अख्ख्या गल्लीत चिवडा वाटला. साहेबांनी माझं मराठी पाहून मला ठेवून घेतलं, हे मी विसरलेलो नाही. अधिवेशनाआधी मंत्र्यांना विचारायचे प्रश्न मी लिहितो आणि साहेब ते आपल्या नावानं पाठवतात.

अशा प्रश्नाची चाल ठरलेली असते. आधी वस्तुस्थिती मांडायची आणि ‘हे खरे आहे काय’ असं विचारायचं. मग ‘असल्यास, कोणती कार्यवाही केली’ आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय’. खात्यानं पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ म्हटलं, की खालच्या भागांसमोर ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढं लिहून ते मोकळं होतं. म्हणून माझी सगळी मेहनत पहिल्या वाक्यावर असते.

त्या वेळी माझ्या मोठ्या बहिणीचं दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं. पहिल्या खेपेला तिचा बीपी फार वाढला होता, म्हणून डॉक्टरांनी या वेळी दर आठवड्याला तपासायला सांगितलं होतं. तिच्या सासरी आरोग्य उपकेंद्र आहे, घरातून हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. पण तिथल्या नर्सबाईंना तालुक्याच्या कार्यालयात कामाला बसवलेलं, आणि दाराला कुलूप. ताईला ऑटोनं खड्ड्यांतून पांढरकवड्याच्या दवाखान्यात जावं लागे.

“एवढ्या दुनियेचे प्रश्न लिहून राह्यला तू,” ती एकदा फोनवर म्हणाली, “मग आमच्या कुलपाचा काहून नाही लिहीत?”

मी लिहिला. सदर उपकेंद्र अनेक महिन्यांपासून बंद आहे, हे खरे आहे काय? साहेबांनी एक अक्षर न बदलता पाठवला.

प्रश्न स्वीकारला गेला, की तो माहिती मागत मुंबईहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून तालुक्याला उतरतो. तिथल्या बाबूंशी माझी ओळख होती. त्यांचा फोन आला.

“काय राजेहो, आमच्या मागं कायले लागले?”

“मागं नाही लागलो भाऊ. कुलूप काढा म्हणतो.”

“काढतो न बाप्पा! आमदारसाहेबाच्या प्रश्नाले आम्ही खोटं उत्तर देऊ का?”

दुसऱ्याच दिवशी ताईचा फोन. “अरे, बाई आली! भिंतीले चुना मारला, माझा बीपी पाह्यला. सासूबाई म्हणते, तुमचा भाऊ मंत्र्यालेबी हलवते.”

मी कार्यालयात सगळ्यांना सांगितलं. साहेबांनी चहा मागवला.

तालुक्याहून एक अधिकारी येऊन फोटो काढून गेले. नर्सबाई खुर्चीवर, समोर गावातल्या गरोदर बायांची रांग, रांगेत ताई. पुढच्या आठवड्यात ती तपासायला गेली, तर दाराला पुन्हा कुलूप. नर्सबाईंना परत तालुक्याला बोलावलं होतं.

अधिवेशनात लेखी उत्तर आलं. हे खरे नाही. उपकेंद्र सुरू असून तेथे गरोदर मातांची तपासणी करण्यात येते. खालच्या दोन्ही भागांसमोर, प्रश्न उद्भवत नाही.

माझ्याच बहिणीला रांगेत उभं करून त्यांनी माझं वाक्य खोटं पाडलं होतं. आणि मी ‘बंद आहे’ असं लिहून त्यांना निसटायचं दार दाखवलं होतं. एक दिवस उघडलं, की वाक्य पडलं.

मी साहेबांकडे गेलो. “साहेब, पुन्हा टाकू. नर्सबाई तिथं कोणत्या कोणत्या दिवशी होत्या, तेच विचारू.”

“अरे, उत्तर आलं न आपल्याले?” ते समजुतीनं म्हणाले. “तोच विषय पुन्हा टाकला तर मंत्री म्हणतील, यांले दुसरं काम नाही का. पुढं पाहू.” त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ज्या माणसानं मला पोटापाण्याला लावलं त्याच्यावर चिडायचं कसं? बाहेर येऊन मी गाडीच्या किकवर राग काढला.

ताईला सांगितलं तर ती हसली. “असं कर, दर हप्त्याले एक प्रश्न टाकत जाय. तेवढ्यापुरती तरी बाई येईल.”

मला हसू आलं नाही. पुढच्या तपासणीला मीच तिच्यासोबत ऑटोत बसलो. उपकेंद्रासमोरून गेलो तेव्हा भिंतीवरचा नवा चुना उन्हात चमकत होता. ऑटोवाला बाहेरगावचा होता. “ताई, दवाखाना तर इथंच हाय. मंग एवढ्या दूर कायले?”

“याले विचार,” माझ्याकडे बोट करत ताई म्हणाली. “प्रश्न लिहायचंच काम हाय याचं.”

मी फोन काढला आणि पहिलं वाक्य पुन्हा लिहायला घेतलं. ‘बंद’ काढलं, ‘नियमित सुरू नाही’ घातलं. त्यातूनही ते निसटतील असं वाटलं, म्हणून तेही खोडलं. तेवढ्यात ऑटो खड्ड्यात आदळला. ताईनं एका हातानं पोट आणि दुसऱ्या हातानं दांडी घट्ट धरली.

“तो फोन ठेव बरं,” ती म्हणाली. “आधी मले धर.”