मक्याचा मुडा

मामूंना तांदळाचं पोतं शिवलेलं बघवत नसे. साठच्या दशकात दुबईच्या खाडीवर आम्ही एकाच वखारीत कामाला होतो. माल उतरला की पोत्यात कोपरापर्यंत हात घालून ते आत ऊब लागते का बघत. खोलीवरचा आमचा तांदूळही दर शुक्रवारी गच्चीवर पसरला जायचा. जुम्म्याची नमाज पढून यावं, तर कबुतरांची पंगत बसलेली. मी चिडलो की म्हणत, "हबीबी, कबुतर पोटापुरतं खातं. ओल सगळं खाते."

मामू रत्नागिरीकडचे. तरुणपणी मोंबासाला गेले आणि तिथल्याच एका खेड्यातल्या बाईशी त्यांनी निकाह केला. मामीचं मक्याचं शेत होतं. एका वर्षी पीक उदंड आलं आणि मामूंना कोकणी अक्कल सुचली. आपल्याकडे भात पेंढ्यात घट्ट बांधून मुडा करतात, तो वर्षभर टिकतो. यांनी मक्याचे दाणे सोलले आणि पुरते वाळायच्या आधीच त्यांचे मुडे बांधले. मामी नको नको म्हणत होती.

"मी तिला म्हटलं, आमच्या मुड्याला तू काय समजतेस?" हे सांगताना ते स्वतःच हसत.

मुडे सोडले तेव्हा आत बुरशी आणि दाणे पोखरणारे टोके. मामी एवढंच म्हणाली, "पोरांना काय घालू?" मामूंना तिथं तोंड दाखवायची लाज वाटली. ते कमवायला दुबईला आले आणि घरी पैसे पाठवत राहिले. पण ती परत घरात घेईल का, हा घोर काही सुटेना. मोंबासाचं गलबत लागलं की खलाशांना विचारत, "निरोप?" तो कधीच नसायचा.

एकदा उन्हाळ्याच्या तोंडाला एका खलाशानं गाठोडं आणून दिलं. आत सालासकट कणसं होती, धुरानं काळी पडलेली. मामूंनी साल सोललं. दाणान् दाणा शाबूत.

खलाशी म्हणाला, "बाई म्हणाल्या, चुलीवर कणसं टांगायला उंच माणूस पाहिजे."

मामू माझ्या खांद्याला लागायचे. डोळे पुसत ते म्हणाले, "उंच तर मी नाही. चढेन कशावर तरी, इन्शाल्ला."

मला आनंद झाला आणि रडूही आलं, कारण त्या खोलीत माझं म्हणावं असं तेच एक माणूस होतं. वारा फिरून गलबतं आफ्रिकेकडे निघायला अजून कितीतरी महिने होते. मामूंनी पेटी त्याच संध्याकाळी भरली.