निवेदनाचे मागचे पान

साठीनिमित्त लिहायचे तर चांगलेच लिहा, असे या ग्रंथाच्या संपादकांनी मला बजावले आहे. रंगनाथराव तळेकर सरांबद्दल चांगले लिहायला माझी हरकत नाही. पण शिक्षक संघटनेचा सचिव म्हणून ज्याने त्यांच्याबरोबर बारा वर्षे काढली, त्याला आधी थोडे चिडू द्यावे.

सरांची माझी पहिली भेट मस्तगड भागातल्या संघटनेच्या खोलीत झाली. जिल्हा परिषदेला द्यायचे निवेदन मी दोन दिवस खपून लिहिले होते. अध्यक्ष असलेल्या सरांनी ते वाचले, कागद उलटा केला आणि मागचे पान कोरे का, असे विचारले. पुढच्या पानावर प्रशासनाने काय करायचे आणि मागच्या पानावर आपण काय करणार, ही त्यांची पद्धत. मागचे पान भरल्याशिवाय ते सही करत नसत. मागायला जायचे आणि स्वतःच्याच डोक्यावर काम घेऊन यायचे, हा प्रकार मला कधी पटला नाही.

ऑनलाइन माहिती आणि फोटो पाठवण्याचा जाच कमी व्हावा म्हणून आम्ही शिक्षणाधिकारी मॅडमना भेटलो, तेव्हा तर सरांनी कहर केला. मागच्या पानावर त्यांनी आम्हाला न विचारता लिहिले होते की, शिक्षक एकमेकांच्या वर्गात जाऊन मुलांचे वाचन पाहतील. शाळा तपासणारे विस्तार अधिकारीही सोबत येतील, मात्र तिथे दिसेल त्यावर अहवाल नाही आणि नोटीसही नाही. मॅडमनी दोन्ही पाने तिथल्या तिथे मान्य केली.

अंबडच्या बैठकीत सभासदांनी सरांना साहेब लोकांचा माणूस ठरवले. सर्वांत जास्त मीच बोललो. सरांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि पहिली भेट सचिवांच्या वर्गाला, असे जाहीर करून टाकले. मला विचारण्याची पद्धत इथेही नव्हतीच.

तेव्हा मी भोकरदन तालुक्यातल्या एका वस्तीशाळेत चौथीला शिकवत होतो. वर्गाबद्दल मला खात्री होती. सरांनी एका मुलीला धडा वाचायला सांगितला. तिने तो घडाघडा म्हटला, पण तिच्यापुढे पान भलत्याच धड्याचे उघडे होते. सरांनी तिच्या हातात दुसरीचे एक न पाहिलेले पुस्तक दिले, तेव्हा ती पहिल्याच ओळीला अडली. तिच्यामागून तेच पुस्तक दिलेली आणखी आठ मुलेही अडली. मुलांनी धडे पाठ केले होते आणि त्यालाच मी वाचन समजत होतो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

विस्तार अधिकाऱ्यांनी सवयीने वही काढली. एक ओळ लिहिली गेली असती, तर मला नोटीस आली असती आणि पुन्हा कुठल्याही शिक्षकाने वर्गाचे दार उघडले नसते.

“साहेब, वही ठेवा. ठरलं ते बराबर पाळा,” सर म्हणाले. “चूक कोणाची ते मंग पाहू. आधी ही पोरगी वाचली पाहिजे.”

वही पिशवीत गेली. पुढचे काही गुरुवार सर स्वतःच्या नैमित्तिक रजा टाकून माझ्या वर्गात येऊन बसले. मी म्हणालो, सर, येऊ नका, लोक विचारतील. त्यांनी ऐकले नाही. कोणी विचारलेच, तर “मी सचिवांकडून वाचन शिकवायची पद्धत शिकून राह्यलो,” असे सांगत. माझ्या वर्गाची गोष्ट त्यांनी संघटनेत कधीही काढली नाही. आज मीच ती काढतो आहे, कारण त्यानंतर मी खरा शिक्षक झालो.

ती मुलगी दिवाळीपूर्वी वाचायला लागली. बाकीची हळूहळू लागली. शेजारच्या शाळांनीही दारे उघडली. काहींनी अजून उघडलेली नाहीत, आणि फोटोंचा जाचही पुन्हा सुरू झाला आहे. सेवानिवृत्त झाल्यावर तरी सर स्वस्थ बसतील असे वाटले होते, पण एसटीने कुठल्या तरी शाळेवर जाणे त्यांनी सोडलेले नाही. गुडघे दुखतात, औषध वेळेवर घेत नाहीत, सांगितले तर हसतात.

म्हणून या शुभप्रसंगी सरांकडे माझी एकच मागणी आहे. माझ्या वर्गातली दोन मुले अजून अडखळतात. ती सलग वाचू लागेपर्यंत सरांनी ठणठणीत राहावे. आणि दर जूनला नवा वर्ग येतो, हे ध्यानात ठेवावे.