एका दिवसापुरता टेप

साकोलीच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आम्ही चार-पाच नोकरदार पोरं संध्याकाळी जमायचो. कुणाचा डेक मोठा, कुणी स्पीकर माठात बसवून आवाज कसा घुमवला, याच्या बढाया चालायच्या. त्या दिवशी जुना टेपरेकॉर्डर किती टिकतो यावर वाद रंगला होता. तेवढ्यात सानगडीकडचे एक वयस्कर गृहस्थ आले आणि विकायला ठेवलेला जुना टेप उचलून त्याची बटणं हलक्या हातानं दाबून पाहू लागले.

"जुना काहून घेता, काकाजी? सहा महिन्यात बोंबलते," मी हसत म्हणालो.

"मले एक दिवस चालला तरी जमते, बाबू. बायकोच्या गळ्याचं आपरेशन हाये नागपूरले. मंग तिले बोलता येनार नाही म्हनते डाक्टर. आवाज भरून ठेवतो."

त्यांनी खिशातून पैसे काढून मोजले आणि टेप घेतला. माझ्या घरी कोरा डेक होता. 'माझा घेऊन जा' एवढं काही माझ्या तोंडून निघालं नाही. ते मला अजून खातं.

दिवाळीनंतर ते बसस्टँडवर भेटले. शेजारी गळ्याला रुमाल बांधलेली त्यांची बायको होती.

"टेप चालला ना, काकाजी?"

"मस्त चालला. पन ही लाजली ना! बटन दाबलं का चूप बसे. पुऱ्या कॅसेटमंधी माहाच आवाज हाये, 'बोल ना वं, बोल ना.'"

ऐकून तिलाही हसू आलं. तिचे खांदे हलत राहिले, पण आवाज काही आला नाही.