मांजरांचा कायमचा बंदोबस्त

गेली सव्वीस वर्षे मी भंडाऱ्यात तहसील कचेरीसमोर, कडुनिंबाखाली, टेबल टाकून अर्ज लिहितो. शिक्षण नववीत थांबले. का थांबले, ते सांगण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र पदवीधर माणसे माझ्यासमोर उभी राहून 'कसं लिवाचं, जी?' असे विचारतात. त्यावरून शिक्षणाचा आणि लेखणीचा संबंध किती, हे सुज्ञांनी ओळखावे.

माझ्या अर्जांचे शेवटचे वाक्य ठरलेले असे. गटार तुंबलेले असो, बांधावरचे अतिक्रमण असो वा रानडुकरांचा उपद्रव, मी लिहीत असे : 'तरी सदर बाबीचा कायमचा बंदोबस्त करण्यात यावा, ही नम्र विनंती.' या वाक्याने नऊ जीव घेतले. ते माझे वाक्य असल्याने त्याची हकीकत मीच लिहिणे योग्य.

विणकरांच्या गल्लीत माझ्या घराला लागून एक बंद मागघर आहे. मालक नागपूरला गेले आणि तेथे मांजरांनी वस्ती केली. माणूस दिसला की फुत्कारणारी, कोणाच्याच हाताला न येणारी ती मांजरे होती. पलीकडे राहणारा विणकर एके दुपारी तुटलेल्या टसर रेशमाच्या धाग्यांचा गुंता हातात घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"पाहा जी, पंधरा दिसाचा ताणा. बोक्यानं पार चिंध्या केल्या. मारूनच टाकलं असतं साल्याले, पन मांजर मारलं तं काशीले सोन्याचं मांजर द्या लागते म्हनतात. माह्याकडं कुठचं सोनं?"

मी दीड पानांचा अर्ज लिहिला. 'सदर हिंस्र मांजरांमुळे हातमाग व्यवसाय समूळ धोक्यात आला असून' असा मजकूर मी त्यात योजला होता आणि त्याचा मला अभिमान वाटला. समोरच्या कचेरीत मी स्वतः गेलो, प्रतीवर आवकेचा गोल शिक्का घेतला आणि ती प्रत विणकराच्या हाती देताना, सर्वांना सांगतो तेच सांगितले : "शिक्का बसला का काम झालं समज."

आवकेच्या शिक्क्याचा अर्थ, कागद मिळाला, इतकाच असतो. आदेश निराळा, मंजुरी निराळी. हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होते. सव्वीस वर्षांत मी ते कोणालाही सांगितले नव्हते.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी मी दाढी करीत होतो. भिंतीपलीकडून ओल्या कपड्यांचे गाठोडे दगडावर आपटल्यासारखा आवाज येऊ लागला. मध्येच एक किंकाळी आली, ती मला तान्ह्या मुलाची वाटली. तोंडावरचा साबण न पुसता मी धावलो.

मागघराच्या खिडक्या लावून पाच माणसे आत काठ्या घेऊन उतरली होती. विणकराचा धाकटा भाऊ तोंड बांधलेला तागाचा एक बोरा दोन्ही हातांनी फिरवून भिंतीवर आपटत होता. ती भिंत माझ्या स्वयंपाकघराची. बोऱ्याचा तळ भिजून काळा पडला होता आणि आतले अजून हलत होते. कंबर मोडलेला एक बोका पुढच्या दोन पायांवर शरीर ओढत मागाखाली शिरू पाहत होता. त्याच्या मानेवर फावड्याची पात उभी बसली. त्यानंतरही त्याचे पुढचे पंजे जमीन खरवडत राहिले. दुसऱ्या घावाने तेही थांबले. सुताच्या रिळांवर रक्ताचे शिंतोडे होते.

"थांबा! काय करून राहिले तुमी?"

विणकराने खिशातून प्लास्टिकमध्ये जपलेली प्रत काढली. तो हिंसक माणूस नव्हे.

"तुमीच तं लिवलं, भाऊ. बंदोबस्त. कायमचा. अन् हा शिक्का. आता पाप आमच्यावर नाई, सरकारवर."

"अरे, तो आवकेचा शिक्का हाय! कागद पोचला, एवढाच त्याचा अर्थ."

"मंग तवा काहून नाई सांगितलं?"

"पयले तोंडाचा साबन पुसा, वकीलसाहेब," मागून एकजण म्हणाला आणि सर्व हसले.

त्या हसण्यात काठ्या क्षणभर खाली आल्या. तेवढ्यात मागाच्या खड्ड्यातून एक राखाडी मांजरी उसळली. तिच्या तोंडात पिल्लू होते आणि डावा डोळा फुटून गालावर आला होता. भिंतीच्या भगदाडातून ती माझ्या सरपणाच्या खोलीत शिरली. माणसे वळसा घालून माझ्या दारात आली, त्यांच्या आधी मी तेथे पोहोचून उभा राहिलो. धाकट्याने उगारलेली काठी माझ्या कोपरावर बसली आणि हात खांद्यापर्यंत बधिर झाला.

"ते माही मांजर हाय," मी म्हणालो. "पाळलेली."

"पाळलेली?" विणकर म्हणाला. "मांडीवर बसवून दाखवा."

"दाखवीन."

"कवा?"

"मारबतीच्या दिवशी."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे रोगराई, डास, ढेकूण, ज्याला जे नकोसे असेल त्याचे नाव घेऊन 'घेऊन जा गे मारबत' असे ओरडत मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेतात.

"मांडीवर बसली तं सोडलं," विणकर म्हणाला. "नाई तं तेही जाईन मारबतीसंगं."

आठ दिवस हाती होते. मेलेली नऊ त्याच सकाळी बोऱ्यासकट कारध्याच्या पुलावरून वैनगंगेत गेली.

पहिल्याच दिवशी मी मूर्खपणा केला. दुधाची वाटी सरकवताना उजवा हात पुढे केला आणि तिने तर्जनी धरली. धरली ती सोडेना. मी हात झटकला तर तीही हाताबरोबर उचलली गेली, सरपणावर आदळली, पण दात तसेच. ते हाडावर घासल्याचे मला आतून ऐकू आले. सरकारी दवाखान्यात कुत्र्याच्या चाव्याच्या सुया घेतल्या. बोट वांग्यासारखे सुजले आणि लेखणी बंद झाली. माझी गिऱ्हाइके शेजारच्या टेबलवाल्याकडे गेली. त्याला 'विनंती' हा शब्दही शुद्ध लिहिता येत नाही.

गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एका शिपायाचा अर्ज मी पूर्वी लिहिला होता. तो घरी येऊन सांगून गेला, "डोळ्यात डोळा घालू नका, जी. पाठ करून बसा. खाणं रोज एकाच वक्ताले. अन् आवाज एकसारखा ठेवून बोलत राहा."

मांजराशी बोलावे काय? मी जुन्या अर्जांच्या प्रतींचा गठ्ठा काढला आणि दाराकडे तोंड, तिच्याकडे पाठ, असा बसून सकाळ-दुपार वाचू लागलो. 'मा. महोदय, मी खाली सही करणार...'

पत्नी सुके झिंगे भाजून आणी. "अवो, तुमचे अर्ज आयकून सायब लोकं झोपतात," ती म्हणाली, "मांजर काहून नाई झोपनार?"

मांजर झोपली नाही. चौथ्या दिवशी मी पान उलटले, त्या आवाजाने ती माझ्या मानेवर आली. कानामागून खांद्यापर्यंत चार रेघा उमटल्या आणि सदरा रक्ताने भिजला. उठावे आणि लाकूड उचलून तिला ठेचावे, असे मला वाटले. लाकूड हातात घेतलेही होते. ते खाली ठेवायला किती वेळ लागला, हे मी लिहिणार नाही.

पिल्लू मात्र पाचव्या दिवशी माझ्या हातचा झिंगा खाऊन गेले आणि सातव्या दिवशी मांडीवर चढले. आई हातभर अंतरावर थांबे. तिच्या डोळ्याची जखम वाहत होती. 'महोदय' म्हटले की तिचा एक कान वळे. त्याच दिवशी वाचता वाचता गठ्ठ्यातली पुढची प्रत हाती आली. 'सदर हिंस्र मांजरांमुळे' येथवर मी एकसुरात वाचत गेलो. शेवटचे वाक्य मला तिच्यासमोर वाचता आले नाही.

मारबतीच्या सकाळी गल्लीतून ओरडा येत होता. पाचही जण काठ्या घेऊन अंगणात आले. मी सरपणाच्या खोलीच्या उंबऱ्यात मांडी घालून बसलो होतो, मांडीवर पिल्लू.

"पिल्लू सोडलं," विणकर म्हणाला. "मायचं काय?"

धाकट्याने काठीचे टोक पिल्लाच्या पोटाला लावले. पिल्लू ओरडले.

आतून ती आली, दगड आल्यासारखी. माझ्या मांडीवर उभी राहून तिने काठीवर झडप घातली; धाकट्याच्या मनगटाची साल निघाली आणि काठी पडली. तिचे मागचे पंजे पायजम्यातून माझ्या मांडीत रुतले होते. रक्त गुडघ्याकडे वाहू लागले. मी हललो नाही. हललो असतो तर ती उडाली असती, आणि बाहेर चार काठ्या होत्या.

"पाहा," मी म्हणालो. माझा आवाज एकसारखा होता. "मांडीवर हाय."

"हे पाळलेली होय?" धाकटा मनगट धरून ओरडला. "फाडून राहिली तुमाले!"

"अट मांडीवर बसन्याची होती. मांडीवर कशी बसावी, हे अटीत नोतं. अटीत नसलेलं मागता येत नाई."

विणकराने माझी मांडी पाहिली. मग तो भावाला म्हणाला, "चाल." चौघे गेले. तो थांबला.

"शिक्का मंजुरीचा नोता तं मंग त्या नऊचं पाप कोनाचं, भाऊ?"

"अर्ज लिवनाऱ्याचं."

त्याने खिशातून प्लास्टिकमधली प्रत काढून माझ्याजवळ जमिनीवर ठेवली आणि तोही गेला.

तिने पिल्लू मानगुटीने उचलले, पंजे एकेक करून माझ्या मांडीतून सोडवले आणि भगदाडातून मागघरात परतली. माझ्या अंगाला ती पुन्हा कधी लागली नाही. बोट वाकत नाही. अक्षर पूर्वीचे राहिले नाही. अर्ज मात्र लिहितो, आणि शिक्का घेतलेली प्रत देताना सांगतो, "हा फक्त पोचला हाय. अजून काहीच झालं नाई." लोकांना ते आवडत नाही.