आबांचा मूठभर भुसा

आमच्या घरात बर्फाचा धंदा दोन पिढ्यांचा, पण बर्फावर पगार घेणारी एकच, माझी धाकटी बहीण ज्योती. मी हितेंद्र. नशिराबादच्या अलीकडे, हायवेला लागून आमचा बर्फाचा कारखाना आहे. आम्ही बर्फ गोठवतो आणि ती पुण्याच्या एका संस्थेत बसून कुठला बर्फ कधी वितळणार ते सांगते. मी तिला चिडवायचो, "आम्ही गोठवायचं अन् तू त्याचं पाणी करायचं. बहीण आहेस की वैरीण?"

तिचं काम मला समजलं तेवढं सांगतो. संगणकात हिमालयातला एक डोंगर उभा करायचा. त्यावर ऊन, वारा, थंडी, हिम सगळं आकड्यांनी टाकायचं आणि किती बर्फ उरतो ते बघायचं. आधी त्या डोंगराला हजारो वर्षांपूर्वीच्या हवेत ठेवायचं. तेव्हा हिमनदी खाली कुठवर उतरली होती, ते तिनं मागे टाकलेल्या दगडांच्या राशींवरून कळतं. संगणकातली हिमनदी बरोबर तिथवर आली, तर गणित खरं. मग तेच गणित आजच्या हवेला लावायचं. ज्योतीचं गणित जुन्या राशींना असं बिलगून बसलं होतं, की तिचे साहेबसुद्धा तिच्या आकड्यांवर डोळे मिटून सह्या करायचे. पोरगी हट्टी, भांडखोर आणि स्वतःच्या कामाबद्दल चांगलीच गर्विष्ठ. त्याचा मला राग यायचा आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटायचा.

आमचे वडील गिरधर आबा गेल्या श्रावणात वारले. जन्मभर त्यांनी एकच लढाई लढली, वितळण्याशी. बर्फाची लादी गाडीत चढली की त्यांचा प्रश्न ठरलेला, "मूठभर भुसा टाकला का?" लाकडाचा भुसा, वर गोणपाट. झाकलेला बर्फ टिकतो, उघडा बर्फ मरतो, मूठभर झाकण पुरे. ज्योती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून लाद्यांवर भुसा पसरायची आणि आबा तिच्या चिमुकल्या मुठीचं कौतुक करायचे.

यंदाची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आबांच्या नावाची पहिली. खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात आणि घरात गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. ज्योती आली, पण एकटी. जावईबापू नवलराव, धुळ्याकडचे, तिच्याच संस्थेत. ते हिमालयात, त्याच हिमनदीच्या पायथ्याशी होते. बर्फात बांबू रोवायचे आणि ते किती उघडे पडले हे मोजायचं, हे त्यांचं काम. सोबत चार माणसं. तंबू ओढ्याकाठच्या सपाटीवर होते. वरच्या धारेवर वारा फार, पाणीही लांब. यंदा ओढ्याला पाणी कमीच राहील, सपाटी सुरक्षित आहे, असं ज्योतीच्याच गणितानं सांगितलं होतं.

सकाळी माय कमलबाईनं दोन घागरी मांडल्या, एक आजीची, एक आबांची. घागरीवर खरबूज, आंबा, सांजोरी. बाहेर निंबाच्या झोक्यावर गल्लीतल्या पोरी गाणी म्हणत होत्या. पाहुण्यांच्या पन्ह्यासाठी मी एक लादी आणून अंगणात ठेवली. अर्ध्या लादीवर भुसा टाकला आणि तेवढ्यात कोणी हाक मारली म्हणून गेलो. अर्धी तशीच राहिली. ज्योतीची वहिनी, म्हणजे माझी बायको, तिथंच अंगण झाडत होती. काळी माती आणि हायवेची काजळी उडून उरलेल्या अर्ध्या लादीवर बसली, इतकी पातळ की बोटानं पुसली जावी.

मी परत आलो तेव्हा ज्योती लादीपुढे उकिडवी बसली होती. भुशाखालची बाजू ताठ होती. धुळीची बाजू खचली होती आणि तिला वाटाण्याएवढी काळी भोकं पडली होती. प्रत्येक भोकाच्या तळाशी धुळीचा कण.

"पन्हं राहू दे एकीकडे, लादीचं दर्शन घेऊ राह्यली का तू?" मी म्हणालो.

ती हसली नाही. "दादा, यंदा नवलनं बर्फावरच्या राखेचे फोटो पाठवले होते. खालची जंगलं पेटली होती ना. मी ती राख झाकण म्हणून धरली."

"मग? झाकणच ना?"

"आबांचा भुसा जाड आणि पोकळ असतो, तो ऊन अडवतो. ही राख ऊन पिते आणि सरळ बर्फाला पाजते." तिनं एका काळ्या भोकात बोट घातलं. "जाड थर राखतो, पातळ थर खातो, हे मला पुस्तकातनं माहीत होतं. पण पातळ कुठं संपतं, ती रेघ मलाच मारायची होती. मी आबांच्या मुठीच्या मापानं मारली."

जुन्या काळाच्या परीक्षेत ही चूक सापडली नव्हती. त्या राशींपाशी दगडांचे ढीगच्या ढीग होते, थर जाडच, तिथं रेघ कुठंही मारली असती तरी उत्तर तेच आलं असतं. यंदाच्या राखेनं मात्र तिला बरोबर रेघेवर गाठलं.

ती आत पळाली. रेघ बदलून तिनं गणित पुन्हा लावलं. मी दारात उभा होतो. तिनं सोबत आणलेला संगणक कुरकुरत होता आणि बाहेर पोरी आखाजीच्या गौराईला सासरी धाडायचं गाणं म्हणत होत्या. मला त्या गाण्याचा इतका राग आला की बाहेर जाऊन ओरडावंसं वाटलं.

पडद्यावर पाण्याची रेघ चढत गेली. ज्योतीनं तोंडावर हात ठेवला. "तिकडं तीन दिवस कडक ऊन आहे. आज दुपार कलली की सपाटीवर पाणी येईल."

"नक्की?"

"नक्की काही नसतं रे! मागचंही नक्कीच वाटलं होतं मला!"

तिनं साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, तुझं गणित आजवर चुकलेलं नाही, घाबरू नकोस, आधी नीट तपासू, उद्या बोलू. ती म्हणाली, "सर, माझा नवरा आज तिथं आहे," आणि तिनं फोन ठेवला. नवलरावांचा उपग्रह फोन बॅटरी वाचवायला दिवसभर बंद, फक्त संध्याकाळी चालू. उरलं एकच. ओढ्याच्या खालच्या अंगाला शेवटचं गाव, तिथला किराणा दुकानदार वर शिधा पोचवायचा. त्याचा नंबर ज्योतीकडे होता. मी लावत राहिलो. लागेना. लागला तर आवाज तुटायचा. शेवटी लागला. माझ्या मोडक्या हिंदीत मी ओरडून सांगितलं, तंबू वर हलवा, पाणी येतंय. तो म्हणाला, घोडेवाला धाडतो, पण वाट चढाची आहे, पोचेल तेव्हा पोचेल. आणि फोन तुटला.

मग दुपार. तेवढी लांब दुपार मी आयुष्यात पाहिली नाही. ज्योती घागरींसमोर भिंतीला टेकून बसली. मायनं तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय झालं व पोरी? तोंड काऊन उतरलं तुहं?"

"माय, ती दुसरी घागर उचल."

"अव, आजीची हाय ती. आजच्या दिवशी उचलता येत नाही."

"उचल म्हणते ना! एकच राहू दे. मले दोन पाहवत नाहीत. दुसरी भलत्याच्याच नावाची वाटते."

सणाची भरलेली घागर हलवणं म्हणजे मायच्या लेखी पापच. पण लेकीचे डोळे बघून तिनं काही विचारलं नाही. आजीची घागर उचलून आत देवापाशी नेली आणि येऊन ज्योतीचं डोकं मांडीवर घेतलं. मी लाद्या काढायच्या निमित्तानं कारखान्यात गेलो, एक लादी हातातून सोडली, फोडली, परत आलो. गड्यावर विनाकारण खेकसलो. भीती वाटली की मला रागच येतो, काय करू.

ऊन उतरलं. फोनची वेळ झाली आणि टळली. ज्योती उठून उभी राहिली, परत बसली. "मीच त्याला तिथं बसवलं, दादा," ती म्हणाली. ते खरंच होतं.

दिवे लागले आणि फोन वाजला. मीच कळ दाबली. आधी खरखर, मग नवलरावांचा अहिराणी आवाज.

"ज्योती? मी शे. बठ्ठा वर शेत, बठ्ठा चांगला शेत."

ज्योती एवढ्या जोरानं रडली की माय आतून धावत आली. सगळे वर होते, सुखरूप होते; घोडेवाला वेळेत पोचला होता. त्यांनी माणसं आणि अंथरुणं आधी वर काढली. बाकीचं काढायला खाली उतरणार, तोवर पाणी सपाटीवरून फिरलं. मोजमापाची यंत्रं गेली, बांबू गेले, दोन वर्षांची मेहनत गेली.

"पण पाणीनं तुले कसं कयनं व?" त्यांनी विचारलं.

ज्योतीनं डोळे पुसले. सोपं उत्तर देता आलं असतं. ती म्हणाली, "माझं गणित चुकलं होतं, नवल. सपाटीवर तुला मीच बसवलं होतं. मी सगळ्यांना लिहून कळवणार आहे."

मग नवलराव म्हणाले, "कळव. मी जित्ता शे ना, मग सावकाश भांडूत."

मायनं आजीची घागर परत जागेवर आणून ठेवली. ज्योती अंगणात गेली. सकाळच्या लादीचा भुशाखालचा तुकडा अजून होता. तो धुऊन तिनं आत आणला आणि आबांच्या घागरीपाशी ताटलीत ठेवला. सवयीनं मी मूठभर भुसा आणायला वळलो.

"नको, दादा," ती म्हणाली. "आज झाकू नको. वितळू दे."

आम्ही तिघं तो संपेपर्यंत तिथंच बसून राहिलो.