सूनबाई, आम्ही आणि ‘बघू’

ठाकुर्ली-भूषण, सोसायटीच्या जलवितरण समितीचे आजीव अध्यक्ष आणि प्रथम वर्ष कला शाखेचे ज्येष्ठतम छात्र अशा आमच्याकडून समस्त व्हॉट्सअॅप-समूहसदस्यांस सविनय निवेदन.

आम्ही आणि आमच्या सूनबाई मीनल एकाच वर्गात समाजशास्त्र शिकतो. आज विषय होता भूमिका-संघर्ष, म्हणजे एकाच माणसाच्या दोन भूमिकांची ओढाताण. नव्या मॅडमनी उदाहरण मागितले. मीनल उभी राहिली.

"मला ठाण्यात नोकरी मिळतेय. आज संध्याकाळपर्यंत होकार कळवायचाय. घरी विचारलं की 'बघू' म्हणतात."

"म्हणजे नाही म्हणतात?"

"नाही म्हटलं तर भांडता तरी येईल, मॅडम!"

वर्गात हास्यकल्लोळ झाला. आम्ही मात्र वहीत डोके खुपसले.

"कोण म्हणतं 'बघू'?"

मीनल मागे वळूनही पाहीना. अखेर आम्ही उभे राहिलो.

"मी. तिचा सासरा."

हास्य तत्क्षणी लोपले.

"मग काका, आता काय म्हणता?" मॅडमनी विचारले.

"मीनल, होकार कळव. आत्ताच."

ती मोबाइल घेऊन वर्गाबाहेर धावली.

मित्रहो, यापुढे ती बाहेरून परीक्षा देणार आणि आजवर आम्ही तिच्याच नोट्स उतरवून घेत होतो. तेव्हा समाजशास्त्राच्या सुवाच्य नोट्स कोणाकडे आहेत काय? शेवटच्या बाकावरून आम्हांस फळा दिसत नाही आणि पहिल्या बाकावर पोरे बसू देत नाहीत.